मिस्त्रींच्या करवतीवरचे नाव

३ फेब्रुवारी, घाटनांदूर
आज इथे पोचलो. बऱ्याच दिवसांनी मन हलके आहे. सुंदररावांना आपल्या लाकडाच्या वखारीत जुन्या सुतारी हत्यारांचे छोटे दालन करायचे आहे. कोणती करवत कुणी, कधी बनवली ते सांगायला त्यांनी मला बोलावले. कॉलेजात इतिहास शिकवताना जडलेला नाद कुणाच्या तरी कामी येतो आहे. कारखान्याची छाप पात्यात ठोकलेली असेल तर करवत बहुधा जुनी; तेजाबाने उमटवलेली असेल तर नंतरची. हे सांगितले तर सुंदरराव म्हणाले, "आमाला करवत म्हंजे निस्ते दात. तिला आई-बापबी असतेत, हे आज कळलं, सर!"

५ फेब्रुवारी
सगळ्यांत देखणी करवत विमलबाईंची. त्यांचे यजमान या वखारीत मिस्त्री होते. दिवाळीच्या आधी वारले. पात्यावर त्यांनी टोच्याने स्वतःचे नाव कोरले आहे. त्याच्याच खाली, गंजात, इंग्रजी छापेचा अर्धा मुकुट दिसतो. विमलबाईंनी बजावले, "तेवढं घासू नका, सर. मालकांचं नाव हाय. म्या कदी तोंडानं घेतलं न्हाई. तिथंच हाय ते." मी हो म्हणालो.

६ फेब्रुवारी
घासले. मुकुटाखालची अक्षरे वाचायची होती, दुसरे काही कारण नाही. रॉकेल आणि बारीक पॉलिश पेपर. छाप लख्ख निघाली, इंग्लंडातल्या शेफील्डची. वरचे नाव गेले. विमलबाईंना सांगितले की ते गंजाने खाल्ले. "असंल," म्हणाल्या आणि मला चहा आणून दिला. तो मी प्यायलोसुद्धा.

७ फेब्रुवारी
पुन्हा कोरून द्यावे म्हणून बसलो, तर नाव आठवेना. परवा वाचले होते! सुंदररावांना विचारले. ते कपाळ चोळत राहिले. "मिस्त्रीच म्हनत होतो की आमी…" शेवटी विमलबाईंनी रीत मोडून नाव घ्यायला तोंड उघडले. ओठ हलले. आवाज आला नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

८ फेब्रुवारी
खरे सांगून टाकले. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी टोच्या माझ्या हातात दिला. पाते मोकळे ठेवता येत नाही म्हणाल्या. "तुमचं घाला." नाही म्हणायला मला तोंड नव्हते. माझे नाव कोरले — गहिनीनाथ. अक्षरांचे वळण माझे आले नाही. त्यांचे आले.

९ फेब्रुवारी
विमलबाई मला सर म्हणत नाहीत. नावही घेत नाहीत. समोर आले की डोक्यावर पदर ओढतात. सुंदररावांनी विचारले, "मिस्त्री, चौकट कवा देताव?" मी हसलो. चौकट निम्मी झाली होती. हातांना भुसा. मला तर साधा खिळाही ठोकता —

१० फेब्रुवारी
घरी फोन केला. रोहिणी, माझी बायको, म्हणाली, कोण बोलतंय. सांगता येईना. पात्यावर जाऊन वाचले. फोनपाशी येईपर्यंत —

आज
सांगायला हवे की मी तो नव्हे. पण मी कोण ते — आणि विमलबाईंच्या मालकांचे नाव तर मीच घासून —
ताट वाढले आहे. ती दारात उभी.
"अवं," म्हणते. "अवं, येताव का?"
मी ओ दिली.