जेसन आणि टाकी वेगळी करायची नाही

पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने.

मी, श्रीमती सालोमी लॉरेन्स लोपीस, वय वर्षे एकसष्ट, धंदा मासळी विक्री, राहणार पाचूबंदर, वसई, हे माझे शेवटचे इच्छापत्र पूर्ण शुद्धीत करून ठेवत आहे. माझी गाठ पोटात आहे, डोक्यात नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला आले होते, त्यांना मी हाकलून दिले. आमच्या शाळेतले निवृत्त शिक्षक फ्रेडरिक मास्तर मी सांगते तसे लिहून घेत आहेत. "सालोमीबाय, हे मृत्युपत्रात बसत नाही," असे ते आताच म्हणाले. बसवा म्हटले.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. जेसनच्या आधी मरायचेच नाही असे मी ठरवले होते. डॉक्टर म्हणतात, हा पावसाळा मला दिसणार नाही.

कलम १. जेसन माझा एकुलता एक मुलगा, वय तीस. सात वर्षांपूर्वी माझ्या दिराची, इग्नेशियस नाखव्याची, होडी पावसाळ्याआधी वर ओढून घेत होते. दोर तुटला आणि कप्पी जेसनच्या डोक्यात बसली. तेव्हापासून तो खाटेवर आहे. बोलत नाही, हात उचलत नाही, पेज भरवली तर गिळतो. माणसे त्याला बघायला येतात आणि त्याच्या अंगावरून माझ्याशी बोलतात, जसा काही तो खाटेचाच भाग आहे. तो ऐकतो. मास्तर, "मला वाटते" नको, "मला ठाऊक आहे" असे लिहा.

कलम २. टाकी म्हणजे जेसनने पहिल्या पगारातून आणलेली काचेची टाकी, जी त्याच्या खाटेसमोर आहे. कोळ्याच्या पोराने गोड्या पाण्यातले मासे विकत आणले म्हणून सगळे बंदर हसले होते. माझा नवरा लॉरेन्स, देव त्याला शांती देवो, म्हणाला, "खायचा नाय, विकायचा नाय, मग मासा कशाला?" मीही तेच म्हणाले. ज्या हातांनी जन्मभर मासे कापले त्या हातांनी मी आज माशांना भरवते. हसायचे त्याने हसावे.

टाकीत एक ऑस्कर आहे. जेसन त्याला सिक्लिड जातीचा म्हणायचा. काळा, अंगावर निखाऱ्यासारखे ठिपके, आता माझ्या पंजापेक्षा मोठा. त्याचे नाव जेसनने नाखवा, म्हणजे होडीचा धनी, असे ठेवले, कारण तळातला प्रत्येक दगड तो तोंडाने ढकलून स्वतःच्या मनासारखा लावतो आणि कोणी मध्ये आले की अंगावर जातो. बाकीचे चार लोच. पिवळे, काळ्या पट्ट्यांचे, ओठाला मिशा, खवले नसल्यासारखेच. ते खलाशी. दुकानदार म्हणाला होता, हे दोघे एकत्र ठेवू नकोस, मोठा झाला की गिळून टाकेल. जेसनने आधी लोच आणले, वाढू दिले, फुटक्या कौलांच्या कपारी करून दिल्या, आणि नाखवा अंगठ्याएवढा असताना मागून सोडला. "मम्मी, ज्यांचं घर आधी झालं त्यांना तो हुसकावत नाय," असे मला सांगायचा. त्या कपारींत नाखव्याचे तोंड शिरत नाही. तो गुरकावतो, ते आत जातात, थोड्या वेळाने बाहेर येतात आणि त्याच्याच पोटाखालचे उष्टे वेचतात. इतकी वर्षे असेच चालले आहे.

जेसनची नजर कशावर ठरत नाही, फक्त या टाकीवर ठरते. नाखवा फिरला की ती फिरते. खलाशी बाहेर आले की त्याच्या ओठाचा कोपरा हलतो. डॉक्टर म्हणाले, स्नायू आहेत, आपोआप हलतात. मग भिंतीकडे तोंड केले की आपोआप का हलत नाहीत?

कलम ३. पाचूबंदरचे माझे कौलारू घर आणि पतपेढीत जे काही असेल ते, यांचे काय करायचे ते कलम आठमध्ये आहे. तिथपर्यंत कोणी घाई करू नये.

कलम ४. माझा दीर इग्नेशियस. तो वाईट माणूस नाही, हे मी मरताना कबूल करते. पण दोर कुजला होता आणि लॉरेन्सने त्याला सांगितले होते. हे लिहून ठेवते, नाहीतर माझ्या मागे सगळे दैवावर ढकलतील.

गेल्या महिन्यात तो आला आणि म्हणाला, "वैनी, जेसनचं मी बघतो. सिस्टरांच्या आश्रमात ठेवू, घर माझ्या पोराच्या नावावर कर. मासे सोड कुठल्या तरी तलावात." मी नाही म्हटल्यावर खाटेशी उभा राहून म्हणाला, "तो कधीच गेला गो. नुसता श्वास राहिलाय."

टाकी आणली त्या वर्षी एक लोच वाळूवर आडवा पडला होता, हलेना. इग्नेशियसने काचेतून बघितले. "मेला. फेक, पानी नासेल." अख्खा जन्म समुद्रावर काढलेला माणूस, मेलेला मासा त्याला लांबून कळतो. मीही मान डोलावली. जेसन "काका, थांबा" म्हणेपर्यंत त्याने हात घालून उचललाच. लोचच्या डोळ्याखाली काटा असतो. तो त्याने बाहेर काढून इग्नेशियसच्या बोटात असा रुतवला की रक्त आले, आणि मासा परत पाण्यात. हे मासे झोपतातच आडवे पडून. जेसन हसून हसून खाली बसला होता. तेच डोळे घेऊन इग्नेशियस आता मला सांगतो, जेसन गेला. त्याला या मिळकतीतले काही देऊ नये.

कलम ५. माझी मुलगी प्रीतल लग्न होऊन विरारला असते. एक खोली, त्यात सासू, सासरे, नवरा, दोन मुले. मी तिला विचारले. ती म्हणाली, "मम्मी, टाकी मी नेते, पोरांना पण आवडेल. पण दादाला मी कुठे ठेवू गं? तूच सांग, कुठे ठेवू?" मग ती रडली. मी रडले नाही, कारण मग आम्ही दोघी थांबलो नसतो. माझा तिच्यावर राग नाही. थोडा आहे. माझी गळ्यातली साखळी आणि कानातले तिला द्यावेत.

म्हणजे एकाला मासे नकोत आणि दुसरीला भाऊ परवडत नाही. सगळे म्हणतात, मग सोपे आहे, टाकी विरारला, जेसन आश्रमात. सोपे आहे म्हणणाऱ्यांनी ऐकावे. अपघातानंतर खाट लावायला जागा हवी म्हणून टाकी इग्नेशियसच्या घरी नेली होती. जेसनने गिळणे सोडले. पेज ओठांतून बाहेर यायची. डोळे छपराला लागले, नळ्या लावल्या, फादर येऊन मरणाऱ्याला लावतात ते अंतिम तेल लावून गेले. शेवटी लॉरेन्स कोणाला न विचारता गेला आणि हातगाडीवर टाकी घेऊन आला, अर्धे पाणी रस्त्यात सांडलेले. तिसऱ्या दिवशी पोराने घोट घेतला. त्यानंतर टाकी हललेली नाही, आणि हलवायची नाही.

कलम ६. बाजारातली नळाजवळची माझी बसायची जागा. ही माझी आहे. माझी शेजारीण कमळी धर्मा वैती ती स्वतःची आहे म्हणते. त्यावरून आम्ही एकमेकींच्या पाट्या लाथाडल्या आहेत, एकमेकींची गिऱ्हाइके फोडली आहेत, आणि भिंतीला भिंत लागून असून वर्षानुवर्षे बोललेलो नाही. मला आता बसवत नाही, तेव्हा जागा तिने घ्यावी. माझी विळी आणि कोयताही घ्यावा, तिचा कोयता बोथट आहे.

खरे ते सांगायला हवे. मी तपासणीला मुंबईच्या इस्पितळात राहिले तेव्हा जेसनला इग्नेशियसच्या बायकोवर सोपवले होते. ती सकाळी पेज पाजून घरी जायची ती दुसऱ्या सकाळी यायची. मी परत आले तर जेसनचे अंग पुसलेले, पाठ कोरडी, केस विंचरलेले, आणि नाखव्याच्या तोंडात ताजा जवळा. कमळी दारात उभी. "बघतेस काय? पोरगा कण्हत होता, भिंतीतून ऐकू यायचं. मना झोप लागंना. माझ्या झोपेसाठी केलं, तुझ्यासाठी नाय." मी आभार मानले नाहीत. तिनेही वाट पाहिली नाही, आणि जाताना माझी नवी बादली घेऊन गेली. ती बादली माझ्या मिळकतीत धरावी.

कलम ७. सांभाळण्याबद्दल सूचना. जेसनची कूस वरचेवर बदलावी, रात्रीसुद्धा. आळस केला की पाठीला जखम होते आणि ती भरत नाही. पेज पातळ आणि कोमट, डोके उचलून, घाई न करता. टाकीतले पाणी आठवड्याला थोडे बदलावे, सगळे कधीही नाही. आमच्याकडच्या बोअरचे पाणी खारट झाले आहे, ते लोचना सोसत नाही, होळी भागातल्या विहिरीचे गोडे पाणी आणावे. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले तर मूठभर मीठ टाकू नये. आमच्या बंदरात मासा म्हटला की हात आधी मिठाकडे जातो. नाखवा त्यातून वाचेल, लोच मरतील. जवळा दोनदा धुऊन घालावा. वीज गेली तर बॅटरीवरचा पंप लावावा. लोच आडवा पडलेला दिसला तर हात लावू नये. जेसन डोळे मिटून असला तरी त्याच्यासमोर त्याच्या मरणाचे बोलू नये. फादर पहिल्या शुक्रवारी त्याच्यासाठी कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, घेऊन येतात, तेव्हा घरात कोणीतरी असावे.

कलम ८. माझे घर, पतपेढीतली शिल्लक आणि टाकी मी त्या व्यक्तीला देते, जी जेसनला याच घरात, याच टाकीसमोर, तो आहे तोवर सांभाळील. त्या व्यक्तीचे नाव:

मास्तर विचारतात, नाव काय लिहू? नाव नाही. मी सगळ्यांना विचारून झाले. नात्यातल्यांना विचारले, लॉरेन्सच्या जुन्या खलाशांना विचारले, ज्यांची बाळंतपणे मी केली त्यांना विचारले. सगळे हात धरून म्हणतात, सालोमी, देव बघेल. देव बघतो हे मला मान्य आहे. पण कूस कोण बदलणार? मी कोणाच्या पाया पडू? आता धरायला कोणाचे पायसुद्धा उरले नाहीत.

आणखी एक लिहा. मी चर्चमध्ये गुडघे टेकून मागितले की जेसनला माझ्या आधी ने. आई असून मागितले. घरी आले, त्याची नजर माशांमागे फिरताना पाहिली आणि मागितलेले परत घेतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितले. रोज हेच चालले आहे.

मास्तर म्हणतात, रिकाम्या जागेचे मृत्युपत्र कोर्टात टिकत नाही. मग काय करू, खोटे नाव घालू? राहू दे रिकामी.

कलम ९. सह्यांच्या वेळी घडले ते. मास्तर हे लिहायला तयार नव्हते, मी लिहायला लावले.

साक्षीदार म्हणून मी दोघांना बोलावले. चर्चचे जुने सेवक फर्डिनंड डाबरे, कारण ते खोटे बोलत नाहीत. आणि कमळी, कारण ती माझी वैरीण आहे हे बंदरातले कुत्रेसुद्धा जाणते. तिची सही असली की कोणी म्हणणार नाही, सालोमीने आपली माणसे जमवून लिहून घेतले. ती बाजारातून तशीच आली, पदराला हात पुसत. मास्तरांनी पहिल्यापासून वाचून दाखवले. जागेच्या कलमाला ती म्हणाली, "जागा माझीच हाय." बादलीला काही बोलली नाही. आठव्या कलमाला तिने बोट ठेवले. "हितं कोन?"

"अजून कोणी नाही," मास्तर म्हणाले.

आधी फर्डिनंड यांनी सहीची तयारी दाखवली. मास्तरांनी कमळीचे नाव साक्षीदारांत लिहिले, तिच्या हातात पेन दिले आणि त्यांच्या सवयीप्रमाणे समजावून सांगितले की, कायद्याने साक्षीदाराला या कागदातून काही मिळत नाही. ज्याला काही मिळायचे असेल त्याने साक्षीची सही करायची नसते.

कमळीने पेन खाली ठेवले. "मंग मी नाय करत सही."

मला वाटले, हिने शेवटी दावा साधला. मी म्हणाले, "एवढं पण जमत नाय का गो तुला? मरतेय मी."

"गप बस," ती म्हणाली. "सही केली तर पोरगा कोनाकडे जाईल?"

कमळी जेसनकडे गेली, त्याच्या मानेखाली हात घालून त्याला सरळ केला, उशी झटकली आणि पाठमोरीच म्हणाली, "तुझं घर घेऊन काय करू, माझं मना हाय. मधली भिंत तेवढी पाडते. रात्रीची उठून दोन दारं उघडायला नकोत."

फर्डिनंड यांनी मला पाणी दिले. मी कमळीचा हात धरला, मासळीचा वास येणारा, आणि बराच वेळ सोडला नाही. तिनेही तो ओढून घेतला नाही.

कलम आठमधल्या रिकाम्या जागी लिहावे: श्रीमती कमळी धर्मा वैती, राहणार पाचूबंदर. तिने नको म्हटले तरी घर तिलाच.

हे सर्व मला वाचून दाखवले. मी सांगितले तसेच आहे.

ठिकाण: पाचूबंदर, तालुका वसई, जिल्हा ठाणे
दिनांक: १४ मार्च २००४

लिहून देणार: सालोमी लॉरेन्स लोपीस (सही)

साक्षीदार:
फर्डिनंड डाबरे (सही)
फ्रेडरिक मास्तर, ज्यांनी हे लिहून घेतले (सही)

साक्षीदारांत आधी लिहिलेले "कमळी धर्मा वैती" हे नाव खोडले आहे. कारण: वारस. खाडाखोडीवर सही: सालोमी.