पेटीतलं विम्याचं कार्ड

दादा,

पोरीचा ताप उतरून नाही राहिला, म्हणून जमुनाले सकाळच्या मोटारीनं अमरावतीच्या दवाखान्यात नेतो. बागेले पाणी द्यायचं राहिलं, तेवढं द्या.

घोंगडीसाठी तुमची पेटी उघडली, तर सरकारी आजार-विम्याचं कार्ड सापडलं. त्यात तुमचं, वहिनीचं, पोराईचं नाव आहे. तारीख दसऱ्याच्या आधीची. अन् दिवाळीत तुमी भर बाजारात सभा घेतली, "हा विमा म्हणजे सरकारचा फास हाय, कोणी नाव लिहू नका." मी भरलेला अर्ज तिथंच सर्वाईसमोर फाडला. तवा तुमी माही पाठ थोपटली.

वहिनीले मी काही बोललो नाही. उद्याच्या सभेत लोकाईले खरं सांगा, मंगच जमुनाले पाहाले या.

सहदेव