गोधडीवरची पेटी

माय, तुझ्या पेटीचा भाता उंदरांनी खाल्ला. आता मामा गायला बसला की त्याच्या डाव्या हाताला, तुझ्या जागेवर, मी बसते आणि माझ्यापुढे एक छोटा कीबोर्ड आणि लॅपटॉप असतो. त्या लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरला सिंथेसायझर म्हणतात. मी पट्टी दाबली की ते पेटीचा, बासरीचा, व्हायोलिनचा आवाज तिथल्या तिथे तयार करतं. तू असतीस तर डोळे बारीक करून विचारलं असतंस, "अन् भाता कोठी हाये याचा?" त्या लॅपटॉपने यंदा मला रडवलं, तेच सांगायला बसले आहे.

जयंतीच्या कार्यक्रमाची तालीम अकोल्यात, जुन्या शहरात, मामाच्या पत्र्याच्या खोलीत चालते. मी दर शनिवारी अमरावतीहून एसटीने जाते. माझ्या घरी कूलरसमोर सगळं गुण्यागोविंदाने वाजायचं. मामाकडे मात्र तिसऱ्या गाण्याला आवाज फाटायला लागला. आधी नुसती चरचर, मग सूर तुटतच गेला. मामा गाता गाता थांबला. "तुयी पेटी खोकलून राहिली, पोरी. जयंतीले अशी खोकलली त मी गाणार नाही. या वयात लोकायसमोर मले तोंडघशी नाही पडाचं." तो चिडून बोलला असता तर बरं झालं असतं, पण त्याचे डोळे भरले होते. त्याचा दम आता पुरत नाही. ओळीच्या मध्येच तो श्वास घ्यायला थांबतो, आणि तेवढा वेळ मी सूर धरून ठेवते. तो सूरच तुटला तर म्हातारा सगळ्या गावासमोर उघडा पडतो.

मग मी हट्टालाच पेटले. लॅपटॉप वीज वाचवायला स्वतःच मंद चालत होता, ते बंद केलं. आवाज तयार करायला त्याला थोडी जास्त सवड दिली, तर चरचर कमी झाली, पण बोट आधी आणि सूर नंतर असं व्हायला लागलं. मामा पुढे आणि मी सुटलेल्या एसटीमागे धावल्यासारखी मागे. ती सवड काढून घेतली. प्रत्येक वाद्याला वेगळा घुमारा लावला होता, तो काढून सगळ्यांना मिळून एकच ठेवला. बोट उचलल्यावरही सूर रेंगाळत आणि एकमेकांवर साचत होते, ते आखूड केले. फरक पडला, पण खोकला काही जाईना. इंटरनेटवर जो तो एकच सांगत होता, गाणं आधीच वाजवून भरून ठेवा आणि स्टेजवर नुसतं चालू करा. ढोलकीवाले काकाही म्हणाले, "लावून दे ना सरळ. कोणाले समजते?"

तेव्हा मला बार्शीटाकळीचा तो जुना कार्यक्रम आठवला. मी कॉलेजात आहे, तुझी बोटं सुजलेली आहेत, आणि स्टेजमागे मी शहाणपणा करते आहे, की कॅसेट लावू, तू नुसती बोटं फिरव. तू माझ्याकडे अशी बघतेस की मी भिंतीला टेकते. "काहून? एखादी बाई हार घेऊन उठली, अन् तुया मामानं तिच्यासाठी ओळ परत घेतली, त तुयी टेप थांबन का तिच्यासाठी?" आणि त्या दिवशी खरंच एक बाई उठली. गर्दीतून ती पुढे येईपर्यंत मामा तीच ओळ घोळवत राहिला, आणि तू सुजलेल्या बोटांनी त्याच्यासोबत थांबलीस. मला तुझा इतका राग आला होता! घरी आल्यावर तुझी बोटं मिठाच्या पाण्यात मीच शेकत बसले, आणि वर तू म्हणालीस की पाणी गार आहे.

म्हणून काकांना मी नाही म्हटलं. पुढच्या शनिवारी एकेक वाद्य बंद करून पाहिलं. कुठलंही बंद करा, पहिली दोन गाणी बरी जायची आणि मग खोकला. म्हणजे दोष वाद्यात नव्हता. लॅपटॉप उचलून बाजूला ठेवायला गेले तर हात भाजला. खाली तुझी गोधडी होती, तुझ्या लुगड्यांची, पेटीखाली घालायचीस तीच. तुझी आठवण म्हणून मी ती मोठ्या प्रेमाने लॅपटॉपखाली घालत होते. त्याची हवा खेळायची भोकं बुडालाच असतात, आणि तो तापला की आपोआप काम मंद करतो. अकोल्याचा उन्हाळा, वर पत्रा आणि खाली तुझी माया! मी हसत सुटले, आणि मग तू नाहीस म्हणून रडले. मामाने अंगणातून दोन विटा आणल्या, लॅपटॉप त्यांच्यावर ठेवला, बाजूला टेबलफॅन लावला. सगळी गाणी सरळ पार पडली. "गेली सर्दी," मामा म्हणाला.

काल जयंती झाली. मामा गायला. शेवटच्या गाण्यात एक म्हातारे गृहस्थ हार घेऊन उठले, काठी टेकत टेकत निघाले, आणि मामाने त्यांच्यासाठी ओळ परत घेतली, परत घेतली, मग त्याचा दम संपला. मी सूर धरला. ते स्टेजपाशी पोचेपर्यंत सूर तुटला नाही, माय.

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही ते बरंच आहे. कारण लॅपटॉप विटांवर होता, पण गोधडी मी मांडीखाली घेतली होती, आणि तिच्या घडीत एक पेन ड्राइव्ह होता. त्यात सगळी गाणी वाजवून भरून ठेवली होती. काढायची वेळ आली नाही. मामाला माहीत नाही, काकांना माहीत नाही, आणि तुला कळू नये म्हणून मी कार्यक्रमभर त्याच्यावर बसून होते.