तिचा बास, माझी बोटं

४ ऑक्टोबर
तर्जनीला फोड आला. दुकानात गोळ्यांचं पाकीट कापताना कात्री धरवेना. गिऱ्हाइकाने विचारलं, "भाजलं का?" हो म्हणालो. बायको वारल्यावर पन्नाशीचा औषधवाला तिची बास गिटार वाजवायला शिकतोय, हे कोणाला सांगणार?

५ ऑक्टोबर
मेहुणा आला होता. तिच्या बँडमध्ये ड्रम वाजवतो. बोट बघून म्हणाला, "दाजी, तार आहे ती, दाराची कडी नाही. हलकं दाबा. आणि फोड फोडू नका." मग चपला घालता घालता – महिनाअखेरच्या कार्यक्रमाला ताईचा बास सुतळीला देता का?

सुतळी म्हणजे तिच्या जागी घेतलेला तो लांबलचक माणूस. तिच्याच हाताखाली तयार झालेला.

देणार नाही म्हणालो. तिचं एक गाणं तरी मीच वाजवीन. मेहुणा "बरं" म्हणून निघाला. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

८ ऑक्टोबर
फोड फोडला. दुकान माझं, मलम माझं, अक्कल तेवढी गहाण.

११ ऑक्टोबर
तालमीला गेलो. सुतळी तिच्या जागेवर उभा – भिंतीला खांदा टेकून, डोळे मिटून, थेट तिच्यासारखा. तिचे सगळे शनिवार या लोकांनी नेले. माझ्या वाट्याला रविवारची दमलेली बायको.

मधल्या वेळात तो गायकाला सांगत होता, "ती म्हणायची, फोड आला की एक दिवस हात खाली ठेवायचा. बोटाशी भांडायचं नाही."

मला कधी म्हणाली नाही. मला तिच्या बोटांचे घट्टे माहीत. त्याआधीचं सगळं याला माहीत.

आणि बाकी सगळे तिला ताई म्हणतात. हा एकटा 'ती'.

१५ ऑक्टोबर
आज त्याने चुकावं असं मनापासून वाटलं. चुकला नाही.

१९ ऑक्टोबर
बोट कडक व्हायला लागलंय, पण गाणं अर्ध्यावर अडतं. गायक म्हणाला, "छान हं, काका." आजाऱ्याच्या नातेवाइकांशी मीही याच आवाजात बोलतो.

२२ ऑक्टोबर
संध्याकाळी सुतळी घरी आला. एकटा. बास मागणार म्हणून मी आधीच तोंड वाकडं करून बसलो. मागितला नाही. पाण्याचा पेला घेताना त्याची बोटं दिसली. प्रत्येकाला चिकटपट्टी, एकीखालून ओला फोड. शिकाऊ माणसाला येतात तसे.

"तुम्हाला कसे फोड? इतकी वर्षं वाजवताय."

"ती गेल्यापासून हातच लावला नव्हता. महिनोन्महिने वाजवलं नाही की घट्टे निघून जातात. तालमी सुरू झाल्या, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून."

पेला ठेवून तो उठला. दारापर्यंत गेला आणि थांबला.

"तिला माझ्या मनातलं काही माहीत नव्हतं, दाजी."

मी काहीच विचारलं नव्हतं.

२४ ऑक्टोबर
बास त्याच्या घरी नेऊन दिला. राग गेलेला नाही. पण तिच्याबद्दल बोलता येईल असा दुसरा माणूस मला नाही. उद्या ये म्हटलंय.