बैठकीतला हामूर

कुवेत, शुक्रवार, दुपारच्या नमाजानंतर

आदरणीय फलाह मामांना भाचा मरझूकचा अदबीनं सलाम.

तुम्हाला, मुनीरा मामींना आणि तिथं जर्मनीत रोज तुमच्या छातीला थंडगार नळी लावून कान देणाऱ्या त्या डॉक्टरांनाही सलाम. तब्येत कशी आहे? जेवण जातं का? हॉस्पिटलात भात म्हणून जे देतात ते तुम्ही खिडकीतल्या कबुतरांना घातलंत आणि त्यांनीही चोच फिरवली, असं मामी म्हणाल्या. ऐकून बरं वाटलं, म्हणजे तुमची जीभ तरी ठणठणीत आहे. ऑपरेशनची तारीख पुन्हा पुढे गेली असंही कळलं. ती डॉक्टरांनी ढकलली की तुम्ही, ते मी मामींना विचारलं नाही. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (हे वाक्य पत्रात घालायची पद्धत आहे म्हणून घातलंय. खरी हकीकत खाली येते आहे.) फोन न करता हे पत्र लिहितोय, कारण फोनवर माझा आवाज कापतो आणि मामींना तो लगेच ऐकू येतो. धाकटा भाऊ नासिर तुम्हाला भेटायला निघालाय, त्याच्या हाती हे देतोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या हृदयावर ताण नको. तुमची माशांची जोडी जिवंत आहे. दोघंही. नारिंगी रंग शाबूत, पांढरे पट्टे शाबूत, थोरलीचा तोरा तर जरा जास्तच शाबूत. हे पत्र लिहिताना मी टाकीकडे तोंड करूनच बसलोय आणि दर ओळीनंतर वर बघतोय, म्हणून अक्षर असं आलंय.

जाण्याआधी तुम्ही तुमची मोठी टाकी मोडलीत, सगळी प्रवाळं आणि म्हातारे मासे किनाऱ्यावरच्या सरकारी मत्स्यालयात पोचवलेत आणि ही एक जोडी मात्र माझ्यासाठी मागे ठेवलीत. तेव्हा लुलवानं तुम्हाला तोंडावर विचारलं होतं, "मामा, सगळं खानदान सोडून यांनाच का?" तुम्ही म्हणालात, "घाबरट माणूस मासे मारत नाही. धीट माणूस मारतो." बायकोसमोर इतकी मोठी शाबासकी मला आजवर कोणी दिली नव्हती. पण मामा, माझ्या घाबरण्याची खोली तुम्हाला तेव्हा कळली नव्हती. ती मलाही कळली नव्हती.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे टाकी बैठकीत मांडली, पाण्यात मीठ कालवलं, दगड रचले आणि थांबलो. दगडांत जीव धरतो, पाण्यात न दिसणारी मंडळी आधी राहायला येतात, त्यांची बिऱ्हाडं थाटली की मगच मासा सोडायचा, हे सगळं मला पाठ होतं. पण आपल्या बैठकीत रोज संध्याकाळी चहाला येणाऱ्यांना ते कोण सांगणार? आठवड्यामागून आठवडे ती सगळी मंडळी गाद्यांवर रेलून एका रिकाम्या टाकीकडे बघत होती. बू दाऊद (ते बंदरावरच्या नोकरीतून निवृत्त झाले असले तरी तपासणी करायची सवय गेलेली नाही) रोज काचेला नाक लावायचे आणि म्हणायचे, "काय मरझूक, आज पाणी जेवलं का? कोणी घोडे पाळतं, कोणी ससाणे पाळतं, फलाहच्या भाच्यानं पाणी पाळलंय!" मग सगळे हसायचे, मीही हसायचो आणि ते गेले की पाणी तपासायचो.

मामा, त्या रिकाम्या टाकीचीही मला भीती वाटायची. पहिल्यांदा दगडांवर तपकिरी शेवाळ आलं तेव्हा मला वाटलं संपलं. मग एका दगडातून केसाळ अळी बाहेर आली. मी पाय वर घेऊन सोफ्यावर बसलो आणि तिथूनच तुम्हाला फोन लावला. तुम्ही म्हणालात की ती झाडूवाली आहे, घाण खाते, तिला सलाम कर. मी लांबूनच केला. त्यानंतर पाण्याची पातळी उतरली तेव्हा समुद्राचं म्हणून मी मीठ कालवलेलंच पाणी वरून ओतत राहिलो. तुम्ही फोनवर ओरडलात, "अरे गाढवा, पाणी उडून जातं, मीठ उडत नाही! वरून गोडं पाणी घाल!" (मागून मामींचा आवाजही आला, 'ओरडू नका, छातीत कळ येईल.') आणि खरंच तुमचा श्वास लागला होता. त्या दिवसापासून मी तुम्हाला प्रश्न विचारणं कमी केलं. वाईट बातम्या तर बंदच केल्या.

शेवटी पाणी तयार झालं. एकदा तपासलं, पुन्हा तपासलं, सगळं हवं तसं. तरी माझा जोडी आणायचा धीर होईना. आज शेवाळ जास्त दिसतंय, उद्या बघू. उद्या उकाडा फार आहे, परवा बघू. तुम्ही विमानाची बॅग भरत होतात आणि मी तुम्हाला मोठ्या अभिमानानं सांगत होतो की मामा, बघा मी किती सबुरीनं घेतोय. तेव्हा तुम्ही बॅगेची चेन ओढत जे म्हणालात ते मी विसरलेलो नाही. "पाणी तयार नसताना थांबलास ती सबुरी, मरझूक. पाणी तयार झाल्यावर थांबतोयस तो घाबरटपणा. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून माणूस स्वतःलाच फसवतो." त्याच दुपारी मी जोडी घरी आणली. पिशवी तासभर टाकीत तरंगत ठेवली आणि मग दोघांना हळूच सोडलं, तेव्हा लुलवानं माझं मनगट धरून ठेवलं होतं.

त्यानंतर नवीन मासा घ्यायचा नाही, हा तुमचा हुकूम मी जिवापाड पाळला. बू दाऊद मला गळ्यात हात टाकून बाजारात घेऊन गेले आणि त्यांनी एक निळा सर्जन मासा दाखवला. शेपटीजवळ खरोखरच नस्तरासारखं पातं! ते म्हणाले, "घे रे, टाकीला शोभा येईल. की तुझ्या मामाची परवानगी लागते?" मी छातीवर हात ठेवून नको म्हणालो. तो वाढतो, त्याला पोहायला मैदान लागतं, माझ्या टाकीत तो रोज चार भिंतींना धडकत म्हातारा झाला असता. मग रंगीबेरंगी मँडरिन दाखवला, त्यालाही नको म्हणालो. तो नव्या टाकीत उपाशी मरतो, कारण त्याचं भक्ष्य तिथं अजून जन्मालाच आलेलं नसतं. बू दाऊद माझ्यावर रुसले. पण बाजारात नाही म्हणता येतं, मामा. बैठकीत येत नाही, आणि माझा घात तिथंच झाला.

(थांबा. टाकीत काहीतरी डुबुक वाजलं. काही नाही, पंपात हवा अडकली होती. माझ्या छातीतही अडकली होती.)

बू तलालना तुम्ही ओळखताच. मागच्या महिन्यात त्यांनी आमच्या बाजारातली दुकानांची अख्खी रांग विकत घेतली. एका संध्याकाळी मी त्यांच्या बैठकीत गेलो होतो. दारातच कोणीतरी कानात सांगितलं की आता पलीकडची रांगही त्यांनीच घेतली. माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "माशाल्ला, काय जबरदस्त हामूर आहे!" आता हामूर हा भातावर यायचा मासा, तसाच लहानसहान धंदे गिळून फुगलेला माणूसही आपल्या बोलण्यात हामूरच. मी अर्थातच माणसाबद्दल बोललो होतो. पण नेमका त्याच दिवशी त्यांच्या होडीवरच्यांनी कौतुकानं एक जिवंत हामूर आणून दारातल्या टबात सोडला होता, पिल्लूच, तळहाताएवढा, आणि मी उभा होतो तो त्या टबाच्या शेजारी. बू तलालनी वळून बघितलं. मी घाबरून टबाकडे बोट केलं, कारण दुसरा इलाज काय होता? त्यांचा चेहरा उजळला. पाहुण्यानं घरातल्या वस्तूची तारीफ केली की ती वस्तू पाहुण्याची, हे आपण पाळण्यात शिकतो. "तुझाच आहे तो, मरझूक! अल्लाची शपथ, नाही म्हणायचं नाही!" मी तीन वेळा नाही म्हणालो. तीन वेळा म्हणायचंच असतं, म्हणून त्यांनी ते मोजलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा ड्रायव्हर हामूर घेऊन दारात हजर.

मी तुमच्या नियमाप्रमाणे त्याला बाहेर मोठ्या टबात पंप लावून ठेवलं, कारण नवा प्राणी आधी वेगळा ठेवायचा. संध्याकाळी बू तलाल स्वतः आले. टब बघून त्यांचा चेहरा पडला. "माझी भेट टबात? आणि हे दोन चिमुकले बैठकीत, मानाच्या जागी?" बू दाऊद चहा प्यायचेही थांबले. लोक मागून बू तलालना काय म्हणतात ते त्यांना ठाऊक नाही असं मला आजवर वाटत होतं. त्या क्षणी मला ते नक्की वाटेना. मी हसत हसत म्हणालो की मी टाकीत त्याची खोलीच तयार करत होतो. मग सगळ्यांच्या देखत, आजार नाही ना ते बघायची मुदतही न पाळता, टाकीत मधोमध प्लास्टिकची जाळी बसवून मला हामूर पलीकडे सोडावा लागला.

तेव्हापासून मामा, मी जगतोय तो त्या जाळीवर. हामूर जाळीला तोंड लावून तुमच्या जोडीकडे बघत बसतो. डोळे मिटत नाही, हलत नाही, फक्त तोंड उघडतो आणि मिटतो. तो वाढतोय. लुलवा म्हणते नाही वाढत, तुम्हीच रोज बारीक होताय. तुमची थोरली मात्र निधड्या छातीची, जाळीपाशी जाऊन त्याला हुसकावते. तिला बघून मला अभिमान वाटतो आणि मी जाळी पुन्हा घट्ट बसवतो. बू तलाल रोज येतात, हामूरची विचारपूस करतात आणि जोडीकडे बोट करून म्हणतात, "हा त्याचा नाश्ता का?" आणि हसतात. मीही हसतो. लुलवानं भाताचं मोठं पातेलं घासून ठेवलंय. पण ज्या भेटीची रोज विचारपूस होते ती खाणार कशी? कोणाला देता येत नाही, मिळालेली भेट आपण होऊन पुढे दिली की देणाऱ्याचा अपमान. समुद्रात सोडता येत नाही, टाकीतलं पाणी प्यालेला जीव परत समुद्रात न्यायचा नाही, आजार पसरतात, हेही तुम्हीच शिकवलंत. दिवसभर ऑफिसात बसून मला एकच दिसतं, घरी गेलो तर जाळी कलंडलेली आणि टाकीत एकच मासा.

तेव्हा काळजी नसावी. मामींना सलाम, नर्सबाईंना सलाम, कबुतरांना सलाम. लुलवा आणि मुली तुमच्यासाठी रोज दुआ करतात.

तुमचा आज्ञाधारक,
मरझूक

ता. क. हे पत्र मामींना वाचून दाखवू नका. डॉक्टरांनाही नको.

ता. क. दुसरा. आता मुद्द्याचं. गुरुवारी संध्याकाळी बैठक भरेल तेव्हा बू तलाल माझ्या शेजारी बसलेले असतील. तुम्ही फोन करा, मी आवाज मोठा ठेवतो. नासिरनं तुम्हाला हामूरचा फोटो दाखवलाय असं सांगा आणि एवढंच म्हणा, "मरझूक, माशाल्ला, काय देखणा मासा आहे हा हामूर!" मग मला तो तुम्हाला द्यावाच लागेल. मामाची तारीफ ती, तिथं बू तलालसुद्धा काय बोलणार? तुमच्या नावानं तो मी सरकारी मत्स्यालयात, तुमच्या जुन्या माशांच्या शेजारी पोचवतो. फक्त 'मासा' हा शब्द गाळू नका. पुन्हा घोटाळा नको.

ता. क. तिसरा. वर मी खोटं लिहिलं. मी मामींना विचारलं. तारीख तुम्ही ढकलताय. डॉक्टर म्हणतात सगळ्या तपासण्या झाल्या, रक्त चांगलं, शक्ती चांगली, हृदयाची झडप आत्ताच बदलायला हवी. आणि तुम्ही रोज म्हणता, घाई काय, सबुरीनं घेऊ. मामा, माझ्या टाकीला सर्जन नको होता, तुम्हाला हवा आहे. तुमचं पाणी तयार झालंय. बॅगेची चेन ओढताना काय म्हणाला होतात ते आठवा. मी तुम्हाला घाबरट म्हणणार नाही, एवढी हिंमत माझ्यात नाही. पण मला फार भीती वाटते मामा, आणि ती हामूरची नाही.

ता. क. चौथा. आणखी एक. दिलेली वस्तू घ्यायला माणसाला स्वतः यावं लागतं, ही रीत मी आजपासून सुरू करतोय. गुरुवारी तारीफ केलीत की हामूर तुमचा. मग बरे होऊन तुम्हाला यावंच लागेल.