वाढत्या अंगाची वर्दी

मंत्रीसाहेब,

परदेशातली लढाई शेवटच्या टप्प्यात आहे, असं काल तुम्ही टीव्हीवर पुन्हा म्हणालात. दरवर्षीच म्हणता. आणि दरवर्षी तुमच्याच खात्यातून आमच्या शिवणकारखान्यात हुकूम येतो, की सैनिकांच्या वर्द्या वाढत्या अंगाच्या शिवा, पँटीला आतून चार बोटं दुमड ठेवा. अहो, लढाई संपत आलीय, तर पोरं तिथे वाढणार कधी?

माझ्या थोरल्याची वर्दी मीच शिवली होती. सामानाबरोबर ती परत आली, तो नाही. दुमड उसवायची वेळच आली नव्हती.

हे पत्र टाकणार नाही; पालथ्या घड्यावर पाणी कशाला? आता धाकट्यालाही बोलावणं आलंय. आज भावाची वर्दी घालून बघितली आणि म्हणाला, "आई, दुमड तेवढी उसवून दे."

उसवतेय,
दोघांची आई