आईची कवळी

मंगळवार, १२ मार्च

चि. चिमे,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशील. इकडे आम्ही ठीक, म्हणजे पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं तेवढे ठीक.

तुझ्या दंतवैद्यक मंडळाचा आदेश दुकानाच्या दारावर अजून चिकटलेला आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय लोकांच्या तोंडाची मापं घेणं, कवळ्या बनवून देणं ताबडतोब बंद करावं. खाली तुझी सही. सख्ख्या भावाच्या पोटावर पाय दिलास म्हणून मी गावभर तुझ्या नावानं शंख केला, ते तुझ्या कानावर आलंच असेल.

खरं सांगू? बंद केलंच नाही. पुढचं शटर ओढलं आणि मागच्या खोलीत काम चालू ठेवलं. आयुष्य गेलं या धंद्यात, आता कालची पोर मला शिकवणार, असा ताठा. आई म्हणायची, तिनं विचार करूनच सही केली असेल. की मी जेवणावरून उठायचो.

आईची कवळीही माझ्याच हातची. थंडीत ती म्हणाली, डावीकडे टोचतेय. मी जरा घासून दिली. पुन्हा टोचली, पुन्हा घासली. आपल्या कामात खोट राहिली याचाच मला राग. कवळी उजेडात धरून उलटीसुलटी करून बघायचो. आईचं तोंड उघडून आत बघावं, हे एकदाही सुचलं नाही गं.

मग तिचं खाणंच सुटलं, तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. हिरडीवर गाठ. काल रिपोर्ट आला, कॅन्सर आहे. थंडीतच आणलं असतं तर थोडक्यात भागलं असतं, म्हणाले. आता जबड्याचं हाड काढावं लागणार. शुक्रवारी ऑपरेशन आहे.

डॉक्टरांनी विचारलं, "ही कवळी कुणी केली?"

आई म्हणाली, "बाजारात एक जण बसायचा. गेला तो कुठेतरी."

मी तिच्या शेजारीच उभा होतो.

तुला कळवू नको, असं तिनं बजावलंय. तिला भीती, तू माझ्यावर पुन्हा कागद काढशील. काढ. सुनावणीला येऊन मी सगळं कबूल करीन. पण आधी घरी ये, शुक्रवारच्या आत ये. नंतर तिला नीट बोलता येईल की नाही, ते डॉक्टरही सांगत नाहीत.

शेजारी उभा राहूनही गप्प बसलेला,
तुझा दादा